पाइपांना घाम येतो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, प्रमुख पाहुणे कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानाचे मालक, सत्कारमूर्ती आपल्या इमारतीचे मावळते सेक्रेटरी, त्यांच्या सौभाग्यवती, आणि चहाची सोय आहे म्हणून का होईना, पहिल्यांदाच वेळेवर जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सेक्रेटरीसाहेबांच्या गौरवपर दोन शब्द बोलायला मला सांगितलं आहे. अध्यक्षांनी मघाशी बजावलं, ‘‘ताई, गोड बोला.’’ दातांचे डॉक्टर गोडाचा आग्रह धरणारच, त्यात त्यांचा धंदा आहे.

मागच्या फलकावर लिहिलंय, ‘नव्या पाइपलाइनचे शिल्पकार’. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती. शिल्पकार! अहो, पाइप बदलावे लागू नयेत म्हणून या गृहस्थांनी जेवढे कष्ट घेतले, तेवढे कोणी पाइप बदलायलाही घेत नाही.

आपण समुद्राच्या तोंडावर राहतो. इथे डब्यातलं मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. असल्या हवेत लोखंडी पाइप किती टिकणार, हे कळायला काय इंजिनिअर व्हावं लागतं? पण साहेबांचा स्वतःचा सिद्धांत होता. कोणी म्हणालं भिंतीला ओल आलीय, की जिन्यात उभे राहून सांगायचे, ‘‘गळती नाही हो ती! दमट हवा आहे. पाइपांना घाम येतो.’’ बरं, घामावर औषध काय? तर रंग. दरवर्षी सर्वसाधारण सभेच्या आधी पाइपांवर तेलरंगाचा एक हात. प्रमुख पाहुणे हसताहेत. हसा, हसा, तुमच्या दुकानाची एक भिंत आमच्या पाइपांनी उभी केली आहे! आणि सभेत त्या चकचकीत पाइपांसाठी टाळ्या कोणी वाजवल्या? तुम्हीच ना? मग आता माना खाली घालू नका.

आता थोडं माझ्या धाकट्या जावेविषयी. विषय सोडून बोलत नाहीये, अध्यक्षमहाराज, घड्याळ बघू नका. ती तळमजल्यावर राहते आणि शिवणकाम करते. ‘जावा-जावा, उभा दावा’ म्हणतात, आणि आमचा दावा चांगला उभा आहे. सासूबाईंच्या कपाटावरून आमचं अजून वाजतं. तेव्हा तिची बाजू घ्यायची मला हौस आहे, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये.

तिच्या आतल्या खोलीच्या भिंतीतून पाइप गेलेला. आधी डाग पडला, मग गिलाव्याला फुगे आले, मग पोपडे. शिवायला घेतलेल्या शाळेच्या पांढऱ्या शर्टांवर काळे ठिपके उठले. गिऱ्हाइकं आधी कुरकुरली, मग येईनाशीच झाली. तिने तक्रार केली. साहेबांनी भिंतीला बोटही न लावता भर सभेत निकाल दिला, ‘‘वहिनी, तुम्ही ओले कपडे खोलीत वाळत घालता. भिंत ओली होईल नाहीतर काय?’’ दुसऱ्या दिवशी सूचना लागली: ‘तळमजल्यावरील रहिवाशांनी घरात कपडे वाळत घालून इमारतीचे नुकसान करू नये.’ दुकानं सोडली तर तळमजल्यावर राहतं कोण? ती एकटी. नाव तेवढं लिहिलं नाही, केवढी ती सभ्यता! चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि तुमच्यातलेच काही जण तिला जिन्यात ऐकवायचे, ‘‘तुझ्या कपड्यांपायी आमची इमारत पडायची.’’

शेवटी रंगाऱ्यानेच न्याय केला. नवा हात मारण्याआधी तो पत्र्याने जुना रंग खरवडत होता, आणि पत्रा पाइपात घुसला. बिचारा भोकावर अंगठा दाबून ओरडतोय, ‘‘साहेब, पाणी!’’ आणि साहेब गॅलरीतून सांगताहेत, ‘‘पुसून घे रे, घाम असेल!’’ धार त्यांच्या स्कूटरच्या सीटवर पडली, तेव्हा कुठे ते खाली उतरले. प्लंबरने पाना लावला तर पाइप तुटून हातातच आला. लोखंड केव्हाच संपलं होतं. इतकी वर्षं आपण रंगाच्या नळीतून पाणी पीत होतो.

मग पाइप बदलणं भागच पडलं. घराघरांतल्या भिंती फोडल्या. जावेची खोली फोडली तेव्हा मी तिथे उभी होते. पाइप निघालाच नाही, त्याचे नुसते पापुद्रे निघाले, घमेलं भरून. विटा तर पिळून घ्याव्यात इतक्या ओल्या. साहेबही आले होते. नाकाला रुमाल लावून त्यांनी पाहिलं, ‘‘जुनं झालं होतं,’’ म्हणाले आणि गेले.

नवा प्लास्टिकचा पाइप बसला, गिलावा झाला. जाऊ माझी हट्टी. तिने त्याच भिंतीला दोरी बांधली आणि अजून ओले कपडे तिथेच वाळत घालते. अख्खा पावसाळा गेला, भिंत कोरडी ठणठणीत. कोणीही जाऊन हात लावून बघावा. ती कपड्यांची सूचना मात्र नोटीस बोर्डाच्या काचेआड तशीच आहे. किल्ली साहेबांकडे असते.

तर मंडळी, आज निरोप नेमका कोणाला? साहेब पद सोडताहेत, घर नाही. उद्याही जिन्यात भेटतील. जाणार आहे ती माझी जाऊ. उद्या सकाळी तिचं घर घेणारा माणूस बोलणी पक्की करायला येतोय. मी म्हटलं, ‘‘अगं, आता भिंत वाळली, आता कशाला जातेस?’’ ती म्हणाली, ‘‘जाऊबाई, मला सभेत बोलले. चूक माझी नव्हती, हेही सभेत बोलू देत. मग त्या माणसाला मी परत पाठवते.’’

ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली आहे. वळून बघा, लाजू नका. ती जायला मला नको आहे, हे मी स्पष्टच सांगते. ती गेली तर मी भांडू कोणाशी?

अध्यक्षांनी माझं कडू बोलणं सोसलं, पाहुणे हसले, तुम्ही चहा गार होऊ दिलात, सर्वांची आभारी आहे. आता शेवटी, ‘काही चुकलं असेल तर माफ करा,’ असं म्हणायची रीत आहे. ते वाक्य मी घरून पाठ करून आले होते. पण इथे उभं राहिल्यावर कळलं, ते माझं नाही.

साहेब, उठा. हा माइक घ्या. आणि शेवटच्या रांगेकडे बघून म्हणा.