डब्यातल्या पेशी

प्रयोगशाळेतली बाई पेशींचा डबा मांडीवर घेऊन ऑपरेशन थिएटरबाहेर बसली होती. शेजारी मायलेकी दबक्या आवाजात बोलत होत्या.

"आई, कपाळ अजून कढत लागतंय."

"लागू दे. ताप उतरायची गोळी घेतलीय. तू तोंड उघडू नकोस."

"आणि गुडघ्यात पू झाला तर?"

"अगं, माझ्याच कूर्चेतल्या, म्हणजे गुडघ्यातल्या गादीतल्या, पेशी काढून सहा आठवडे वाढवल्यात. वाढीचं औषध घालून लेकरासारखं सांभाळावं लागतं म्हणे. आज गुडघ्यात बसवल्या नाहीत, तर उद्या फेकून देणार."

"देऊ देत. पुन्हा काढतील."

"पुन्हा सहा आठवडे ही काठी आणि तो जिना? जीव मेटाकुटीला आलाय गं माझा."

नर्स आली. "मावशी, ताप-बिप नाही ना?"

"छे!"

लेकीने मान खाली घातली. प्रयोगशाळेतली बाई उठली.

"सिस्टर, थांबा. यांनी तापाची गोळी घेऊन ताप दाबलाय."

"तुम्ही कोण हो मध्ये बोलणाऱ्या?" आई उसळली.

"या डब्यातल्या तुमच्या पेशी मीच वाढवल्यात, काकू."

आईने डब्यावर हात ठेवला.

"मग आता त्या फेकून देतील, हे ठाऊक असून बोलायला तुमचं मन कसं झालं हो?"