आठच्या भोंग्याची गोळी

…नाही, तुम्हीच सांगा, मुगाच्या डाळीएवढी गोळी, ती गिळायला असा किती वेळ लागतो? तोंडात टाकली, पाणी प्यायलं, संपलं! पण तुम्हाला सांगते, त्या एवढ्याशा गोळीनं माझा असा पिट्टा पाडलाय, असा पिट्टा पाडलाय की पोलीस भरतीचं ग्राउंड परवडलं! कसली गोळी म्हणजे? अहो, ती! पाळणा लांबवायची! आता लाजून काय करता, तुमच्या आळीत काय पोरं पावसाबरोबर पडतात?

तर मी एंजल. सासर राहुरीच्या अलीकडं, कालव्याकाठी. नवरा जॉय, कृषी विद्यापीठाच्या नर्सरीत कामाला, रोपांशी बोलतो तेवढं माझ्याशी बोलत नाही, पण माणूस देवमाणूस. लग्नाच्या आधीच त्याला सांगितलं होतं, मला पोलीस व्हायचंय, वयाची अट आहे, ही भरती शेवटची, ती होईपर्यंत पाळणा नाही. तो म्हणाला, "नाही तर नाही." झालं! नवरा तयार, मी तयार, आता राहिल्या कोण? सासूबाई! मरियाबाई! नाताळात गव्हाणीत बाळ येशू ठेवायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. नुसतं बघायच्या हो! आणि नाताळचा केक संपतो न संपतो तोच जानेवारीत जॉयचा वाढदिवस, तेव्हा पुन्हा सुरू… "ह्यो जॉय म्हंजी देवानं न मागता दिलेलं पोरगं! म्हनून तर नाव जॉय!" आणि परत माझ्याकडं बघायच्या! आता यांना कुठल्या तोंडानं सांगू, की मी गोळी घेतेय?

म्हणून मग गुपचूप गावातल्या आशा सेविकेला गाठलं. आमच्या पंकजाताई. त्यांनी आधी उपकेंद्रात नेलं, सिस्टरनं बीपी बघितलं, डोकं दुखतं का, पाय सुजतात का, आणि वर विचारते, "विडी-सिगारेट ओढता का?" मी रोज पहाटे कालव्यावर पळणारी बाई! म्हटलं, पळताना पेटवायची कधी? ती म्हणाली, "हसू नका, ओढत असाल तर ही गोळी बाधते, सगळ्यांना विचारावं लागतं." मग पंकजाताईंनी पाकीट हातात दिलं आणि शाळेतल्या बाईंसारखा आवाज काढला, "हे बघ एंजल, पाळी सुरू झाली की पहिल्या पाच दिवसांत सुरुवात करायची. आधी या पांढऱ्या, बाणाच्या खुणेनं, रोज एक, ठरलेल्या वेळी. त्या संपल्या की या सात काळ्या, लोहाच्या, रक्ताला बऱ्या. तेव्हा पाळी येईल. येऊ दे! पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट. मध्ये सुट्टी नाही." मी विचारलं, रविवारी पण? "रविवारी जॉय घरी असतो ना? मग रविवारी आधी!" बरं, आणि तो गावाला गेला तर? "तरी घ्यायची! गोळी नवऱ्याच्या वेळापत्रकावर चालत नाही."

एवढं सोपं! पण घ्यायची कधी? मुगाच्या डाळीएवढी गोळी, पण वेळ पाळायची म्हणजे काय चेष्टा आहे? तुम्ही म्हणाल, मोबाईलला अलार्म लाव. लावला की! रात्री सगळे जेवायला बसलेले, आणि अलार्म कोकलायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, कशाचा?" म्हटलं, पळायचा. "आत्ता? जेवता जेवता?" मग काय, अर्धी भाकरी टाकून उठले आणि घराला एक चक्कर मारून आले. असं किती दिवस पळणार?

आणि मग मला सुचलं… भोंगा! साखर कारखान्याचा भोंगा! आमच्याकडं घड्याळं नुसती भिंतीला शोभेला असतात, माणसं चालतात भोंग्यावर. बारा झाले का, तर भोंगा झाला का! आठचा भोंगा झाला की जेवणं आटोपलेली असतात, आणि भोंग्याला कोण विचारतंय, तू का वाजलास म्हणून? भोंगा झाला की मी आत जायचे, नाताळची चांदणी ठेवलेलं खोकं काढायचे, डिसेंबरपर्यंत त्याला कोण हात लावतंय, पाकीट त्यात, गोळी तोंडात, पाणी, झालं! सुरुवातीला जरा मळमळायचं. पंकजाताई म्हणाल्या होत्या, होतं तसं, जेवण करून घेत जा, दोन-तीन महिन्यांत थांबेल. पण ते मळमळणं बघून सासूबाईंचा चेहरा असा उजळला, असा उजळला… "एंजल, लिंबाचं लोणचं देऊ का गं?" मी म्हटलं नको. "मग चिंच?" काय सांगू तुम्हाला, जीव तुटायचा माझा त्या चिंचेकडं बघून.

असं सगळं कसं नीट चाललं होतं. आणि एप्रिल आला.

एप्रिलात काय होतं? अहो, ऊस संपतो! कारखान्याचा पट्टा पडतो! गाळप बंद, गाड्या बंद, आणि भोंगा? भोंगा पण बंद! आणि मला पत्ता नाही! मी आपली स्वयंपाकघरात भांडी घासत बसलेय, मनात म्हणतेय, आज आठ वाजायला एवढा उशीर का होतोय बरं? भोंगा नाही म्हणजे आठ नाहीत! पळून पळून अंगाचं भुस्काट, भांडी झाली की पडायचे आडवी. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले, चौथ्या दिवशी सकाळी पळताना बघते तर उसाची एक गाडी नाही रस्त्याला. तिथंच उभी राहिले. म्हणजे कारखानाच बंद! तीन पांढऱ्या गोळ्या! पाकिटाच्या ऐन मध्यावरच्या!

तशीच पळत पंकजाताईंच्या दारात. आठशे मीटरची माझी सगळ्यात चांगली वेळ त्या दिवशी लागली असणार, मोजायला कोणी नव्हतं! "ताई, तिन्ही एकदम घेऊ का?" त्या ओरडल्या, "अगं, फुटाणे आहेत का ते! एक घे आत्ता लगेच, आणि आजची आजच्या वेळेला, मग पुढं रोज एक. एखादी चुकली असती तर एवढं काही नव्हतं, आठवेल तेव्हा घेतली की झालं. पण तीन चुकल्या ना, आता सात दिवस निरोध, नाहीतर लांब झोपा."

घ्या! आता हे जॉयला सांगायचं. सांगितलं. तो गेला राहुरीत मेडिकलला. तासाभरानं आला. पिशवीत काय? टाल्कम पावडर, कंगवा, खोकल्याच्या गोळ्या आणि एक डोकेदुखीचा बाम! "अरे, आणि ते?" खाली मान घालून म्हणतो, "एंजल, तो मेडिकलवाला चर्चमध्ये आपल्या पुढच्या बाकावर बसतो गं…" शेवटी पंकजाताईंनीच फुकटातलं पाकीट दिलं. मुगाच्या डाळीएवढी गोळी चुकली, आणि घरात पावडरीचा डबा आला!

पण खरं सांगू? हसले नाही मी. एक एक दिवस कसा काढला माझं मला माहीत. पळायचे आणि पळता पळता प्रार्थना करायचे, देवा, मूल मला पाहिजे, खरंच पाहिजे, पण एवढं ग्राउंड होऊ दे. पांढऱ्या संपल्या. काळ्या सुरू झाल्या. एक काळी, दोन काळ्या, तीन काळ्या… पाळी नाही! चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीत गेले आणि… आली! मी अशी किंचाळले, अशी किंचाळले की कोंबड्या खुराड्यात पळाल्या. सासूबाई धावत आल्या, "काय गं, भरतीचा निकाल लागला का?" म्हटलं, "लागला, आई, लागला!" आणि त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.

त्यांनी रडू दिलं. मग पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चांदनीच्या खोक्यातलं पाकीट संपत आलंय, नवं आनलंस का?"

माझं रडणंच थांबलं! "आई, तुम्हाला माहिती होतं?"

"मग! आधी तुझ्या मळमळीनं मी बी फसले, पन रोज आठचा भोंगा झाला की सून आत पळती. मला काय येडी समजलीस? मी बी भोंग्यावरच घेत हुते."

"तुम्ही? गोळी?"

"ह्याच की! थोरलीच्या पाठीवर मला लगेच दुसरं नको हुतं. जॉयचे पप्पा तवा कारखान्यात बॉयलरवर, भोंगा तेच वाजवायचे, त्यांना काय ठावं त्यांचा भोंगा कशाकशाला कामी येतोय! लई ब्येस चाललं हुतं. मग एप्रिलात पट्टा पडला, भोंगा थांबला… मोज आता."

मी मोजलं. बोटांवर मोजलं हो! एप्रिल, मे, जून… जानेवारी! नाताळचा केक संपतो न संपतो तोच! देवानं न मागता दिलेलं पोरगं!

"नातू मला पायजेच," त्या म्हणाल्या, "पन तुला पायजे तवा. भोंगा थांबला म्हनून न्हाई. आमी देवाचं नाव घेऊन ग्वाड मानून घेतलं, पन तुझं ग्राउंड हाय." आणि मला परत रडू आलं.

तेव्हापासून आमच्या घरात लाजच उरली नाही बघा! आठ वाजले की सासूबाई ओट्यावरून, "एंजल, आऽऽठ!" अशा ओरडतात की कालव्यापलीकडच्या बाया आपापली पाकिटं काढत असतील. मी म्हटलं, आई, जरा हळू. तर म्हणतात, "भोंगा कधी हळू वाजतो का?" आणि त्यांनी आवाज दिला की आतून जॉय येतो. सहा फुटी गडी! एका हातात गोळी, एका हातात तांब्या, आणि मलाच दटावतो, "घे गं आधी, विसरशील!" आता याला काय बोलणार? मुगाच्या डाळीएवढी गोळी घेते गुपचूप… आमच्या घरातली चुकलेली गोळीच रोज पाणी घेऊन समोर उभी राहते, मग माझी बिशाद आहे का चुकवायची!