मंग्याची कडू आंबील

मंग्याच्या आंबिलीचं सांगितलं की नाही तुम्हाला? त्याला डॉक्टरने ग्लूटेन बंद केलं, म्हणजे बार्लीची बिअरही गेली. ग्लूटेन-फ्री बिअर तेव्हा दुकानात मिळेना. मग पठ्ठ्याने अमेरिकेत, फ्रीमाँटच्या घराच्या गॅरेजमध्ये बादलीभर ज्वारीची बिअर आंबत घातली, हॉप्सची कडू फुलं टाकून. तेवढ्यात सोलापूरहून त्याची माळकरी आई आली.

"आई, आंबील आहे गं ती," मंग्याने थाप मारली.

शनिवारी आम्ही बिअर प्यायला गेलो, तर काकूंनी वाट्या मांडलेल्या. अख्ख्या बादलीत ताक, वर हिंग-जिऱ्याची फोडणी! मंग्यासकट सगळ्यांनी वाट्या संपवल्या यार.

परत जाताना एअरपोर्टवर काकू म्हणाल्या, "मंगेश, पुढच्या वेळी ती कडू फुलं नको घालूस. बिअरला चालतात, आंबिलीला नाही."