पाटीही माझी, बंदीही माझ्यावर

आणि वर मलाच विचारतात, ‘काय हो, वाचता येत नाही का?’ मला! वाचता येत नाही! अहो, ज्या पाटीकडं बोट दाखवून लोक माझ्यावर डोळे वटारतात ना, ती रंगवलीये कुणी? मी! पत्रा मी घासलाय, अस्तराचा हात मी मारलाय, खडूच्या दोरीनं रेघा मी आखल्यात, ‘धूम्रपानास सक्त मनाई आहे’ यातलं ‘सक्त’ लालभडक मी काढलंय... आणि मलाच विचारतात, वाचता येतं का? तुम्हाला सांगतो, या शहरात अशी एक भिंत उरली नाही, जिथं मी पाठ टेकून उभा राहावं आणि डोक्यावर माझंच अक्षर नसावं! दवाखाना झाला, वाचनालय झालं, बसथांबा झाला, टपाल कचेरी झाली, बागेतल्या बाकाच्या पाठीलासुद्धा मीच लिहिलंय, तेही ओणवं होऊन, दोन दिवस कंबर धरली होती माझी. एकोणतीस वर्षं पेंटर आहे मी. पूर्वी कशा पाट्या असायच्या? ‘या, बसा’, ‘येथे छत्र्या दुरुस्त करून मिळतील’... माणसाला बोलावणाऱ्या पाट्या! हल्ली नुसती मनाई. इथं थुंकू नका, तिथं गाडी लावू नका, गवतावर चालू नका, आणि सगळ्यात जास्त मागणी कशाला? तर सिगारेटला! म्हणजे सिगारेटच्या बंदीला. माझं घर त्याच्यावर चालतं, नाही कुठं म्हणतोय? पण म्हणून काय झालं? छाती माझी, काडी माझी, धूर माझा... तुमचं काय जातं?

बरं, बाहेर बंदी, ठीक आहे, बाहेरचं जग माझ्या बापाचं नाही. पण माझं दुकान? दहा बाय बाराची खोली, त्यात पत्र्यांची चळत, रंगांचे डबे, एक स्टूल, एक रेडिओ, तो पण थोबाडीत मारल्याशिवाय बोलत नाही. तिथं मी राजा! डाव्या हातात सिगारेट, उजव्या हातात ब्रश, ओठात जुना सूर... अक्षर असं सरळ उतरायचं! आणि मग काय झालं? मुलगी दुकानात यायला लागली.

आता ही मुलगी म्हणजे माझीच, एकुलती एक. शिकली, सवरली, आणि एक दिवस म्हणाली, ‘बाबा, मी तुमच्याबरोबर पाट्या रंगवणार.’ मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बायकोला म्हटलं, ‘ऐकलंस का? आपलं दुकान पुढं चालणार!’ तर ही म्हणाली, ‘चालू दे, पण तिच्या नाकासमोर ती धुराडी नको.’ धुराडी! मी! आणि मुलीचं अक्षर कसं आहे विचारा... नको, विचारू नका. चांगलंय. माझ्यापेक्षा चांगलंय. पण हे तिच्यासमोर काढायचं नाही हं, आधीच डोक्यावर बसलीये.

पहिल्याच दिवशी खोकली. मला वाटलं, नाटक. दुसऱ्या दिवशी खोकली. तिसऱ्या दिवशी खोकता खोकता तिचा ब्रश घसरला आणि ‘दंतवैद्य’मधल्या ‘वै’ची मात्रा थेट पत्र्याच्या बाहेर गेली. मग बोलली. ‘बाबा, टर्पेंटाइनच्या डब्याशेजारी पेटती सिगारेट! तुम्हाला काही वाटतं का?’ मी म्हटलं, ‘एकोणतीस वर्षांत एकदा तरी पेटलंय का?’ तर म्हणते, ‘पेटलं तर तिसावं वर्ष मोजायला कोण उरणार?’ आता याला काय उत्तर द्यायचं? मी दिलं. ताठ उभा राहिलो आणि म्हटलं, ‘हा माझा वैयक्तिक हक्क आहे.’ ती म्हणाली, ‘आणि माझा श्वास? तो काय सार्वजनिक आहे?’ मी म्हटलं, ‘समोरचा गॅरेजवाला दिवसभर स्कूटर घुरघुरवत काळा धूर सोडतो, तो चालतो तुला?’ म्हणाली, ‘तो माझा बाप नाही.’ घ्या! म्हणजे बाप झालो हीच चूक! मी तोंड फिरवलं आणि मनातल्या मनात म्हटलं, छाती माझी, काडी माझी, धूर माझा... तुमचं काय जातं?

पण खरा घोळ झाला तो दवाखान्याच्या पाटीनं. मोठी ऑर्डर होती, आत प्रत्येक मजल्यावर मनाई. मी आपला तंद्रीत रंगवतोय, आणि राख झटकायला जो हात गेला तो रक्षापात्रावर न जाता... कुठं गेला असेल? पांढऱ्या रंगाच्या डब्यात! एकदा नाही हो, दिवसभर! मला वाटलं रंग जुना झालाय म्हणून दाणे लागतायत. घोटला, थोडं टर्पेंटाइन ओतलं, लावून टाकला. आठ दिवसांनी दारात आरोग्य खात्याचे निरीक्षक उभे! चष्मा, फाइल, आणि बगलेत माझीच पाटी. म्हणाले, ‘पेंटर, ही पाटी हाताला खरखरीत का लागते?’ मी म्हटलं, ‘साहेब, पाटी वाचायची असते, कुरवाळायची नसते.’ त्यांनी नखानं खरवडलं. नाकाला लावलं. मग पत्रा हळूच स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, ‘यात राख आहे.’

धूम्रपान बंदीची पाटी, आणि तिच्यातच धूम्रपान! मुलगी पाठमोरी उभी राहून हसत होती, खांदे हलताना दिसत होते मला. मी म्हटलं, ‘साहेब, पाटी नवी करून देतो, पण माझ्या दुकानात मी काय करतो हा माझा प्रश्न आहे.’ निरीक्षकांनी फाइल उघडली. आवाज कसा, तर झोपलेल्या माणसाला गोष्ट सांगावी तसा. ‘इथं कामाला किती माणसं?’ मी म्हटलं, ‘मी आणि ही.’ ‘म्हणजे दोन. दोन माणसं जिथं काम करतात ती कामाची जागा. कामाच्या जागेत बंदी. एकटे असता तर आम्ही काही बोललो नसतो.’ मी म्हटलं, ‘अहो, पण ती मुलगी आहे माझी!’ ते म्हणाले, ‘मुलीला फुप्फुसं नसतात का?’ गेले! आणि जाताना काय म्हणाले? ‘एक पाटी इथंही लावा.’ पेंटरच्या दुकानात पाटी! तीही मीच रंगवायची! म्हणजे छाती माझी, काडी माझी, धूर माझा, आणि पत्राही माझा?

त्याच आठवड्यात मुलीला बोलावणं आलं. मोठी कंपनी, मशीनवर बोर्ड छापणारी, काचेची इमारत. मला म्हणाली, ‘बाबा, उद्या भेटायला जाते. तिथं ठरलं, तर दुकानात तुम्ही एकटेच. कायद्यानं मोकळे. ओढा मनसोक्त.’ टोमणा नव्हता हो त्यात. टोमणा असता तर मी परतवला असता. सरळ बोलली, तेच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली, आणि मी आतून कडी लावली. आता बोला म्हटलं! ना मुलगी, ना निरीक्षक, दुकान माझं, हवा माझी, सगळे हक्क शाबूत! स्टुलावर बसलो, ऐटीत काडी ओढली, सिगारेट शिलगावली... आणि तुम्हाला खरं सांगतो, मजा नाही आली. झुरका मारला की मान आपोआप तिच्या कोपऱ्याकडं वळायची, आता खोकेल म्हणून. नाही खोकली. खोकणार कुठून, होतीच कुठं! तिचा ब्रश तिनं धुऊन, पुसून, उभा करून ठेवला होता. माझे सगळे वाळून काठ्या झालेले. दंतवैद्य पाटी न्यायला आले, आत डोकावले, म्हणाले, ‘मुलगी नाही का? मग येतो नंतर.’ नंतर! एकोणतीस वर्षं या खुर्चीत, म्हणजे स्टुलावर, बसलेला माणूस समोर दिसतोय, आणि नंतर! दुपारपर्यंत सहा सिगारेटी संपल्या आणि जीव असा कासावीस झाला की मीच खोकायला लागलो. पोरगी जाणार, या विचारानं हो. सिगारेटनं नाही... बरं, थोडं सिगारेटनं.

चारच्या सुमारास कडी वाजली. दार उघडलं तर ही. आत आली, वास घेतला, खिडकी उघडली. मी विचारलं, ‘काय ठरलं?’ म्हणाली, ‘छान आहे जागा. थंडगार. धुराचा लवलेश नाही. पण बाबा, तिथं कुणाच्या हातात ब्रशच नाही हो. बटण दाबलं की अक्षर. मी नाही म्हणून आले.’ मला तर तिला उचलून घ्यावंसं वाटलं, पण मी पडलो बाप, मी म्हटलं, ‘जेवलीस का?’ ती म्हणाली, ‘जेवले. आता ऐका. मी इथं राहणार, पण दोन माणसांची जागा ती दोन माणसांची जागा.’

तेव्हापासून मी हा असा या कोपऱ्यावर उभा. दिवसातून चारदा. उन्हात, वाऱ्यात, तुमच्यासारख्या सिगारेट ओढणाऱ्या भल्या माणसांच्या घोळक्यात. माझा हक्क कुणी काढून घेतलाय का? मुळीच नाही! आजही तसाच्या तसा आहे, फक्त वापरायचा तर मुलगी घालवावी लागते. एवढा महागडा हक्क आपल्याला नाही बुवा झेपत. पण तत्त्व म्हणून सांगतो, तत्त्व सोडायचं नाही माणसानं! छाती माझी, काडी माझी, धूर माझा, तुमचं काय... अहो, ती विझवा! विझवा म्हणतो ना! तुम्हीपण, टोपीवाले, धूर तिकडं सोडा, तिकडं! वाचता येत नाही का तुम्हाला? समोरून माझी मुलगी येतेय!