लंगडोबाचं नाव

मंडळी, एक विचारतो. दारी आलेल्याच्या झोळीत मूठभर पीठ टाकलं की आपण सुटलो? घाईनं माना हलवू नका, वेळ आहे!

समुद्रापार आयर्लंड. मी कधी गेलो? छे हो! आमचा लाल डबा कोपरगावापुढं जात नाही. एका पाद्रीबाबानं सांगितलं — तिखटमीठ थोडं त्याचं, थोडं माझं! तिथं भिक्षेला म्हणत 'डेर्क'. मूळ अर्थ — देवाचं प्रेम! आणि भिकाऱ्याला? 'बाकख' — लंगडा! पाय धड असले तरी लंगडाच. हसा, आत्ताच हसून घ्या.

तिथं गोबनेट नावाची विधवा. दर शनिवारी एक म्हातारा दाराशी यायचा. ती न बघता झोळीत बटाटे टाकायची — बघितलं तर घेणारा लाजतो! आणि तो टोपी काढून तिच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायचा, नावं घेऊन. रीतच ती. 'नवरा कॉनर, लेक डोनल, देवा, जवळ घे यांना.'

"लंगडोबा, माझ्या डोनलला विसरू नकोस हं!"

"माय, एक वेळ वाट विसरेन."

मग बटाट्यावर रोग पडला. शेतं काळी! घरात उरले तीन बटाटे — आणि तापानं फणफणलेली पोर. शनिवार आला. काठी वाजली — ठक्, ठक्! गोबनेटनं काय केलं? कडी घातली. पोरीच्या तोंडावर हात ठेवला.

दोष देता तिला? तुम्ही काय केलं असतं?

त्याला कळलं, मंडळी. चुलीचा धूर दिसत होता, पोरीचं कण्हणं बोटांतून निसटत होतं ना! तरी रिकाम्या झोळीनं त्यानं टोपी काढली. 'नवरा कॉनर... लेक डोनल...' वर म्हणाला, 'आतल्या लेकराला उतार पडो.' आणि गेला.

आत तिला राहवेना. एक बटाटा उचलून धावली. "लंगडोबा! अरे थांब!"

वळणावर दगडी बांधाला टेकून बसला होता. टोपी हातातच. संपला होता!

आता त्याच्यासाठी कोण म्हणणार? हीच! गुडघे टेकले, तोंड उघडलं — 'देवा, या...'

या कुणाला? वीस वर्षं हिचे मेलेले त्याच्या ओठांवर. त्याचं नाव हिनं कधी विचारलंच नव्हतं!

पोर वाचली. पण गोबनेट मरेपर्यंत दर शनिवारी म्हणायची, 'आणि देवा, तो — तुला ठाऊक आहे तो.'

मंडळी, आपल्या देवळाच्या पायरीवर ती आंधळी म्हातारी बसते. येताना कुणी कुणी वाढलं? वा, सगळ्यांनी! नाव काय तिचं?

...बघा. मृदंगवालेही एकमेकांकडं बघताहेत. आणि मी? बारा वर्षं इथं उभा राहून बोलतोय, मलाही ठाऊक नाही.

आरतीचं तबक खाली ठेवा, बाबांनो. आधी पायरीपर्यंत जाऊन येऊ.