सगळे एकत्र यावेत म्हणून

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. धाकटी मोबाइलवर सगळ्या नातेवाइकांसाठी वेबसाइट बनवत होती.

"ताई, लॉगिन फोन नंबरने ठेवू?"

"नको गं बाई! थोरल्या जाऊबाईंना माझा नवा नंबर कळेल. मुद्दाम बदललाय."

"मग ईमेलने?"

"माझे ईमेल हेच उघडतात, आणि आईंना वाचून दाखवतात."

"गुप्त प्रश्न विचारू? सासूबाईंचं माहेर कुठलं?"

"ते प्रत्येक भांडणात निघतं. कुणीही आत घुसेल."

"मग तुम्ही हो म्हणाल त्यालाच प्रवेश."

"हां, हे झकास! थोरल्या नकोत. नणंदबाई तर नकोतच."

"म्हणजे उरलो आपण दोघीच."

"चालेल की! मोकळेपणाने बोलता येईल."

"मग नवा नंबर सांगा, तुम्हाला आमंत्रण पाठवते."

"तुला? तू उद्या थोरल्यांकडे जेवायला चाललीयेस ना?"