कलम अकरा

मार्तंडराव : ...तेव्हा लिहून ठेवा, नत्थूजी. साम्राज्यं तोफांनी बुडत नाहीत, नियम बदलल्यानं बुडतात. मी हयात आहे तोवर या टेबलावरच्या लढाईत कानामात्रेचा फरक होणार नाही. भोसल्यांचं हे सैन्य छप्पन साली जसं उभं होतं, तसंच आज अठ्ठ्याहत्तर सालीही उभं आहे. ताठ.

नत्थूजी : सेनापती सोडून.

मार्तंडराव : सेनापतीला काय झालं?

नत्थूजी : मुंग्या लागल्या त्याले. मुंडकं चिकटवाले तुम्ही गव्हाच्या पिठाची खळ लावली ना? मुंडकं टेबलाच्या कडेपर्यंत नेलं त्यायनं. धड अजून घोड्यावरच आहे.

मार्तंडराव : फुंकर मारा. हळू मारा, टेकडीखालचा भुसा उडतो. हं. तर मुद्दा असा की परवा मुकुंद आला. सख्खा पुतण्या. दोन वर्षं विलायतेत नोकरी करून आला, म्हणून आपण त्याचं कौतुक करायचं. या टेबलाभोवती एक फेरी मारली आणि मला विचारतो, काका, तोफ ओढणारा हा बैल आहे, की तिसरी टेकडी?

नत्थूजी : तान्ह्या पोळ्याले पोरं ओढतात तो लाकडी नंदी आहे. सीताबर्डीच्या टेकडीपेक्षा बोटभर उंचच भरते.

मार्तंडराव : बैलाची उंची नियमात दिलेली नाही. जे दिलेलं नाही त्याला मर्यादा नाही. हे समजावून सांगितलं तर हसला. मग पिशवीतून एक डबा काढला. शिशाचे शिपाई. लवंगेएवढे. एकेकाला मिशा रंगवलेल्या. मी म्हटलं, बाबा रे, या मिशा पाहायच्या कशा? तर म्हणाला, सोबत भिंग येतं. आपल्या चितारओळीतल्या मूर्तिकारांच्या मातीच्या शिपायाची मिशी रस्त्याच्या पलीकडून दिसते.

नत्थूजी : मिशी दिसते. डोळे नाहीत पण त्यायले.

मार्तंडराव : शिपायाला डोळे कशाला हवेत? त्याला हुकूम ऐकायचा असतो.

नत्थूजी : कान बी नाहीत.

मार्तंडराव : आणि त्या डब्याखाली नियमांचं पुस्तक. साठ पानांचं, इंग्रजीतलं. फासा वीस बाजूंचा. टाकला की घरंगळत देवघरापर्यंत जातो. आणि दर फेरीला म्हणे पलटणीचं धैर्य तपासायचं. दान कमी पडलं तर पलटण घाबरून पळून जाणार. माझी पलटण. मातीची. मी तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, नत्थूजी, तिथंसुद्धा कुणाचं धैर्य तपासायची वेळ आली नाही. आणि सगळ्यात वर कडी म्हणजे, साठ पानं वाचूनही कोण जिंकणार हे शेवटपर्यंत कळत नाही. ज्या नियमांत कोण जिंकणार हे लिहिलेलं नाही, ते कसले नियम?

नत्थूजी : चौसष्ट.

मार्तंडराव : काय चौसष्ट?

नत्थूजी : पानं. चौसष्ट आहेत त्या पुस्तकाले. छपाईच्या चुका अडतीस. शेवटच्या सोळा पानांच्या फर्म्यात तं मशीनवाल्यानं शाईच जास्त सोडली.

मार्तंडराव : तुम्ही ते पुस्तक कधी पाहिलंत?

नत्थूजी : गुरुवारी. मुकुंद आमच्याकडं नंदनवन वस्तीत आला होता. म्हणे, नत्थूकाका, घरी चला, एक डाव टाकू. मी म्हटलं, चाल.

यमुताई : दोन डाव टाकले. मुकुंदाची बायको लतिका सांगत होती मला. मधे पोहेसुद्धा खाल्ले.

मार्तंडराव : यमू, तुला हे ठाऊक होतं?

यमुताई : सगळ्या महाल भागाला ठाऊक आहे. तुम्हाला सांगून आपला रविवार कोण नासवून घेईल? आणि तो मातीच्या शिपायांचा डबा दिवाणावरून उचला आधी, कालच माझ्या खाली एक पलटण आली. मी आत आहे, पोळ्या व्हायच्या आहेत.

मार्तंडराव : म्हणजे तुम्ही फितूर झालात, नत्थूजी.

नत्थूजी : मी कायचा फितूर होतो? मी तं इंग्रजच आहे. बावीस वर्षांपासून.

मार्तंडराव : त्याला कारण होतं. माझे खापरपणजोबा भोसल्यांच्या दफ्तरात होते, म्हणून भोसले ओघानंच माझ्याकडे आले.

नत्थूजी : हो. अन् मी म्हटलं, माझे पूर्वज तं कोणाच्याच दफ्तरात नव्हते. तं तुम्ही म्हटलं, मग तुम्ही इंग्रज घ्या.

मार्तंडराव : काय मिळालं तिथं जाऊन? सांगा ना. शिपाई लवंगेएवढे, फासा सुपारीएवढा. काय मिळालं?

नत्थूजी : शिपाई हलवाले भेटला.

मार्तंडराव : म्हणजे?

नत्थूजी : म्हणजे उचलला अन् दुसऱ्या जागी ठेवला. बस, एवढंच. इथं माही फौज टेकडीवर बसून राह्यते. सहा फेऱ्या तुम्ही तिच्यावर चालून येता, मी गोळीबाराचे फासे टाकतो. सहा फेऱ्या झाल्या की तुम्ही कलम अकरा वाचता, मी हरतो, अन् वहिनी चहा आणते. गुरुवारी त्यानं म्हटलं, काका, आता तुमची चाल. तं मी त्याच्या तोंडाकडंच पाहत राह्यलो. म्हटलं, चालू? कोण, मी? दोनदा विचारून मंग शिपाई उचलला, मार्तंडराव. पहिला डाव हरलो. दुसरा जिंकलो.

मार्तंडराव : जिंकलात.

नत्थूजी : जिंकलो.

मार्तंडराव : फासे वीस बाजूंचे असले की कोणीही जिंकतो. हे बघा, मी स्पष्ट बोलतो. वय झालं की काहींना नवीन मिशा आवडू लागतात. पण नियम बदलणाऱ्या माणसाला बूड नसतं. आज विलायती पुस्तक, उद्या जपानी, परवा आणखी कुठलं.

नत्थूजी : आम्ही छप्पन साली सारेच नियम बदलले. दीक्षाभूमीवर उभं राहून. बूड गेलं नाही कोणाचं. उलट पाठ सरळ झाली.

मार्तंडराव : ते निराळं. मी टेबलाबद्दल बोलतो आहे.

नत्थूजी : मी बी टेबलाबद्दलच बोलून राहिलो. बावीस वर्षांत मी इथं एकदाबी जिंकलो नाही. काहून?

मार्तंडराव : कारण ही सीताबर्डीची लढाई आहे.

नत्थूजी : त्या लढाईत तं इंग्रज जिंकले होते. शाळेतल्या पोराले बी माहीत आहे.

मार्तंडराव : ते इतिहासात. इतिहासाला नियम नव्हते म्हणून जिंकले. इथं नियम आहेत. कलम अकरा, शब्दशः वाचतो. "सहाव्या फेरीनंतर इंग्रज हरतील." संपलं. दहाव्या कलमापर्यंत तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे.

नत्थूजी : त्याच्यासाठीच आज लवकर आलो. मार्तंडराव, हे नियम छापले कोणी?

मार्तंडराव : तुम्हीच. तुमच्या छापखान्यात, तुमच्या हातानं खिळे जुळवून. वीस प्रती. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

नत्थूजी : अन् लिहिले तुम्ही. कचेरीच्या फुलस्केपवर, जांभळ्या शाईनं. तो कागद माझ्यापाशी आहे. कंपोझिटर माणूस, मूळ प्रत फेकत नाही. हा घ्या. अकरावं कलम वाचा.

मार्तंडराव : चष्मा कुठं ठेवला... हं. "सहाव्या फेरीनंतर इंग्रज..." हे काय आहे?

नत्थूजी : "हलतील."

(मार्तंडराव कागद खिडकीशी नेऊन पाहतात, मग छापील पुस्तिका शेजारी धरून पाहतात. स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आवाज तेवढा येत राहतो.)

मार्तंडराव : हे "हलतील" आहे.

नत्थूजी : "हलतील"च होतं. सहा फेऱ्या इंग्रज टेकडी धरून बसतील, मंग खाली उतराले मोकळे. डोक्यानं लिहिलं होतं तुम्ही. 'ल'च्या घरात कोणीतरी 'र'चा खिळा टाकला होता. बोटाले लागला, मी लावून देला. एका अक्षरानं ईस्ट इंडिया कंपनी बुडाली.

मार्तंडराव : पण मी स्वतः लिहिलं होतं. मला आठवायला हवं होतं.

नत्थूजी : तेच तं मले बी वाटलं. तुम्हाले कसं आठवलं नाही?

मार्तंडराव : पहिल्या दिवशी जरा खटकलं होतं. पण छापील पाहिलं आणि वाटलं, आपण किती नेमकं लिहिलं आहे. छापलेल्या अक्षरावर शंका घ्यायला मी काही लेखक नाही, नत्थूजी, सरकारी माणूस आहे. तुम्हाला केव्हा कळलं?

नत्थूजी : त्याच संध्याकाळी.

मार्तंडराव : आणि बावीस वर्षं बोलला नाहीत.

नत्थूजी : सांगाले आलो होतो ना. सायकलवर, जोरात. तं तुम्ही बाहेर ओट्यावर उभे. आपल्या शहराची राजधानी जाऊन महिनाच झाला होता. तुमच्या कचेरीतले अर्धे मुंबईले, अर्धे भोपाळले रवाना, अन् तुम्ही बिना टेबलाचे इथंच. एक महिना कोणाशी बोलले नव्हते. अन् त्या दिवशी तुम्ही शेजारच्या दादाजीले हात धरून सांगून राहिले होते की आज आपण सीताबर्डी जिंकली. दादाजीले काही समजलं नाही, पण त्यानं बी हात जोडले. त्या सालात आमच्याकडं तं सारं नवीनच सुरू झालं होतं, मी खुशीत होतो. तुमचं मात्र सारंच जाऊन राहिलं होतं. म्हटलं, एका अक्षरासाठी कायले.

मार्तंडराव : म्हणजे कीव केलीत माझी.

नत्थूजी : थोडी.

मार्तंडराव : हजारावर रविवार. तुम्ही समोर बसून माझी कीव करत होतात आणि मी तुम्हाला डावपेच शिकवत होतो.

नत्थूजी : रोज नाही करत होतो. दोनतीन वर्षांनं विसरून बी गेलो. अन् खरं सांगू का, नुसती कीव नव्हती. आमचा फोरमन म्हणे, नत्थूच्या हातची चूक दाखवा अन् पानाचा विडा घेऊन जा. बारा वर्षांत कोणाले विडा भेटला नव्हता. तुम्हाले सांगतलं असतं तं तुम्ही शुद्धिपत्र छापाले लावलं असतं, अन् ते फोरमनच्या समोरूनच गेलं असतं. तुमची लढाई राह्यली, माहं नाक राह्यलं.

मार्तंडराव : दोघांनी मिळून एक 'र' सांभाळला.

नत्थूजी : असंच म्हणा.

मार्तंडराव : मग आज कशाला सांगितलंत? फोरमन गेला, छापखाना बंद पडला. मीही गेल्यावर सांगायचं होतं.

नत्थूजी : गुरुवारी शिपाई हलवला ना. तेव्हापासून झोप नाही धड. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, मले हलता येते.

मार्तंडराव : हं. सरळ विचारतो, नत्थूजी. टाळू नका. यापुढे रविवारी तुम्ही मुकुंदाकडे जाणार?

नत्थूजी : त्याच्याकडं? शिपायाले बोट लावू देत नाही तो. चिमट्यानं उचला म्हणते, रंग जाईल. एका चालीले पाऊण तास पुस्तक वाचते, मंग म्हणते, काका, तुमची डावी पलटण घाबरली. मी म्हटलं, घाबरली नाही गा, कंटाळली. पुन्हा म्हणते, तुमच्या जिंकण्याचा तक्ता बनवून पाठवतो. लढाई आहे का रेल्वेचं टाइमटेबल?

मार्तंडराव : म्हणजे इथंच येणार.

नत्थूजी : ते तुमच्यावर आहे. "हरतील" असंन तं नाही येत. चहा तं घरी बी भेटते.

मार्तंडराव : तुम्ही मला नियम बदलायला सांगता आहात.

नत्थूजी : मी तुमचाच नियम तुमच्याच अक्षरात आणून देला.

मार्तंडराव : हे टेबल म्हणजे माझ्याकडे उरलेली एकच जागा आहे, जिथं मी कधी हरलो नाही. हे तुम्हाला कळतं ना?

नत्थूजी : कळते म्हणून तं बावीस वर्षं बसलो.

मार्तंडराव : ...ठीक आहे. नियम बदलणार नाही. मात्र मूळ मसुदा आणि छापील प्रत यांत तफावत आढळल्यास मूळ मसुदा ग्राह्य धरतात, ही जुनीच रीत आहे. तिला बदल म्हणत नाहीत. तिला दुरुस्ती म्हणतात.

नत्थूजी : तुम्हाले जे म्हणाचं ते म्हणा.

मार्तंडराव : आणि उगाच लांबण नको. सहा फेऱ्या झाल्या असं समजू, बावीस वर्षं झाल्याच आहेत. सेनापतीला डोकं नसलं तरी भोसले तयार आहेत. करा सुरुवात. हलवा तुमचे इंग्रज.

नत्थूजी : खरंच हलवू?

मार्तंडराव : हलवा म्हणतो ना.

नत्थूजी : हं... हं.

मार्तंडराव : काय झालं? पुन्हा विचारायचं आहे?

नत्थूजी : विचाराचं काही नाही. इंग्रज निघून नाही राहिले. दिवाळीत टेकडीले वार्निश मारलं तुम्ही, तेव्हा यायले उचललं होतं का?

मार्तंडराव : भोसले उचलले होते. इंग्रज कशाला उचलायचे? ते कुठं जाणार होते?

नत्थूजी : वहिनी, तो पोळी उलटवाचा सराटा देता का जरा?